बाकाच्या कडेला बसलेला म्हातारा

मी कळकाची एक काठी बोलतेय. आता माझी उंची माणसाच्या कमरेएवढीच उरली आहे आणि माझं डोकं हाताच्या घामानं गुळगुळीत झालं आहे. पण एके काळी मी पुरुषभर उंच होते, वर हातभर जास्तच. माझं टोक दिव्याच्या काजळीनं काळं केलेलं असायचं. तंबूतल्या सिनेमात पडद्याशेजारी उभं राहून चित्रात काय बघायचं ते लोकांना दाखवायचं, हे माझं काम.

माझं बेट अजिंठ्याच्या डोंगरउतारावर होतं. तिथून आम्हाला तोडून एका बुरुडानं जालन्याच्या बाजारात आणलं. माझ्या बहिणींच्या टोपल्या झाल्या, सुपं झाली. मी फार सरळ निघाले, म्हणून मला चिरायचं त्याच्या जिवावर आलं आणि त्यानं मला दुकानाच्या खांबाला उभं करून ठेवलं. तिथंच एक दिवस अजमत मियाँ आले. त्यांनी मला उचललं, एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर फिरवली आणि विचारलं, "ही देतोस का?"

"तंबूला पायजे का?"

"न्हाई. सिनेमात हात पुरत न्हाई माझा."

बुरुडाला काही उमगलं नाही. त्यानं मला देऊन टाकलं.

अजमत मियाँ कुंडलिकेपलीकडं, जुन्या जालन्यात राहायचे. पूर्वी ते एका अत्तराच्या दुकानात बसत. गिऱ्हाइकाला ते असं काही बोलण्यात गुंतवायचे की अत्तर घ्यायला आलेला माणूस गोष्ट ऐकून जायचा आणि अत्तर विसरायचा. दुकानदार वैतागला, पण तंबूच्या सिनेमाचे मालक बद्रीनाथशेठ तिथंच उभे होते, त्यांना हाच माणूस हवा होता.

त्या काळी चित्रं मुकी होती. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची, पण ती वाचणारे तंबूत हातावर मोजण्याइतके. म्हणून सांगणारा लागे. बद्रीशेठ मागं हातानं यंत्र फिरवत आणि अजमत मियाँ मला घेऊन पडद्याच्या कडेला उभे राहत. "हा दिवाण. वरून गोड, आतून जहर. याच्या हाताकडं ध्यान ठेवा," असं म्हणत ते मला दिवाणाच्या हातावर नेत, आणि तो हात खरोखरच कमरेच्या कट्यारीकडं सरकायचा. बायका कनातीमागं हळहळायच्या. दिवेलागणीला सुरू झालेला खेळ संपला की लोक आधी मियाँकडं बघायचे, मग घरची वाट धरायचे.

त्या वर्षी आमच्याकडं एका जहागीरदाराचं चित्र होतं. त्यात घोडे होते, तलवारी होत्या, तटावरून उड्या होत्या. लोक त्यासाठीच यायचे. पण मधे एक दृश्य होतं, त्यात काहीच नव्हतं.

बापाशी भांडून मुलगा घर सोडून जातो. त्यानंतर अंगण दिसायचं. अंगणात एक लांबलचक बाक आणि त्याच्या अगदी डाव्या कडेला म्हातारा जहागीरदार बसलेला. बाकीचा बाक रिकामा, म्हणजे जवळजवळ अर्धा पडदा रिकामा. म्हातारा रडत नाही, बोलत नाही, कुणी येत नाही. एवढंच.

लोकांना वाटायचं, फोटो घेणाराच चुकला. कुणीतरी हमखास म्हणायचं, "अरे, म्हाताऱ्याला मधी तरी घ्यायचं." बद्रीशेठ यंत्राची मूठ जोरात फिरवून ते दृश्य पळवायचे. मियाँ "म्हातारा विचारात पडला" एवढं म्हणून मला पुढच्या घोड्याकडं वळवायचे.

भोकरदनला तंबू होता तेव्हा बद्रीशेठच्या उजव्या तळहाताला गळू झालं. ते डाव्या हातानं यंत्र फिरवू लागले आणि सगळं चित्रच सावकाश चालायला लागलं. बाकाचं दृश्य आलं. मियाँ म्हणाले, "म्हातारा विचारात पडला." तरी दृश्य हलेना. मी हवेतच. मियाँना पुढं बोलायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी पडद्याकडं नीट पाहिलं. सांगणाऱ्याला स्वतः बघायला सवड नसते, त्याचं ध्यान लोकांकडं असतं. त्या दिवशी त्यांना ती सवड मिळाली.

त्यांनी मला म्हाताऱ्यावरून हळूहळू उजवीकडं सरकवलं आणि बाकाच्या रिकाम्या भागावर आणून ठेवलं. तोवर मला राजावर ठेवलं होतं, चोरावर, घोड्यावर, सापावरही. रिकाम्या जागेवर कधी नाही.

"हे बघा," मियाँ आवाज खाली आणून म्हणाले. "बाक किती लांब हाय. म्हातारा मधी बसू शकत व्हता, ऐसपैस बसू शकत व्हता. पण अंग चोरून कडंला बसलाय. पोराला घालवलं ते यानंच. पण पोराची जागा काय त्याला घेववंना."

तंबूत यंत्राची खटखट तेवढी ऐकू येत होती. मग घोडे आले, पण पहिल्या घोड्याला कुणी शिटी मारली नाही.

बद्रीशेठचा हात बरा झाला, तरी त्या दृश्याला ते मूठ सावकाशच फिरवू लागले. वर कुरकुरायचे, "मियाँ, येवढ्या घोड्यांना खर्चा आला असंल, आन् लोकं बाकाकडं बघून राह्यलेत."

सुगी झाल्यावर आमचा तंबू धावड्याला गेला. पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मियाँ तंबूच्या दोऱ्या ताणत होते आणि मी खांबाला टेकून होते. डोक्यावरून पदर घेतलेली एक वयस्क बाई ताकाचा तांब्या घेऊन आली. तिचं नाव द्वारकाबाई. तिनं तांब्या खाली ठेवला.

"काल बाकाचं सांगणारे तुम्हीच का, भाऊ?"

"व्हय माय, मीच."

"म्हाताऱ्यानं जागा राखली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. बघताना वाटलं."

ती खाली बसली. बोलायला लागली, आणि मियाँ दोरी हातात तशीच धरून ऐकत राहिले.

तिच्या नवऱ्याचं नाव रखमाजी. घरची शेती, आणि भुजंग नावाचा एकुलता एक मुलगा. भुजंगाला शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा नाद. घरच्या जोडीतला एक बैल रखमाजीनं वासरापासून वाढवलेला होता. "ही जोडी पटात न्यायची न्हाई," असं त्यानं बजावलं होतं. भुजंगानं ती नेली. पळता पळता तोच बैल कोसळला, त्याचा पाय मोडला, आणि तो पुन्हा उठला नाही. त्या संध्याकाळी रखमाजीनं दारात उभं राहून, गावादेखत मुलाला सांगितलं, "ह्या घरात तुला जागा न्हाई." भुजंग होता तसा निघून गेला.

"त्याला लई वर्षं झाली," द्वारकाबाई म्हणाली. "घरात पोराचं नाव निघत न्हाई. मी काढलं तर हे उठून जातेत. मला वाटायचं, ह्या माणसाचं काळीज बैलासंगंच गेलं. तसं धरूनच मी संसार केला."

"काल तुमचं ऐकून घरी गेले. आज सकाळी हे घोंगडीवर बसले व्हते. आमची घोंगडी मोठी हाय. बापलेक दोघं तिच्यावर जेवायचे. आन् हे पार कडंला, निम्मे भुईवर. मी रोजच बघते, भाऊ. इतकी वर्षं बघून राह्यले. येकदा इचारलं व्हतं, तर म्हणले, इथं दारातून वारा लागतो. मी म्हणलं, लागत आसंल."

तिनं ताकाचा तांब्या मियाँकडं सरकवला. मग हळूच म्हणाली, "वारा मधी बी लागतो की."

जाताना तिनं सांगितलं, जालन्याच्या कापसाच्या कारखान्यात भुजंगाला कुणीतरी पाहिलं होतं. "तुमचं गाव ते. दिसला तर येवढं सांगा."

"काय सांगू, माय?"

"तात्या कडंला बसतेत म्हणून सांगा."

तंबू जालन्याला परतल्यावर मियाँनी दिवसा दुसरं कुठलंच काम हाती घेतलं नाही. सरकी काढायच्या कारखान्यांतून ते भुजंगाची चौकशी करत हिंडले. मला कशाला सोबत नेलं कोण जाणे, बहुतेक सवयीनं. तिसऱ्या कारखान्यात तो सापडला. तिशीचा गडी, भुवयांवर कापूस बसल्यामुळं म्हातारा दिसत होता. मियाँनी निरोप सांगितला. त्यानं तो ऐकला आणि गासडी बांधायला पुन्हा वाकला.

"माय तसं म्हणंलच," तो खाली बघत म्हणाला. "तिची माया हाय. तात्या बोलले ते सगळ्या गावानं ऐकलंय."

"येकदा सिनेमा बघायला ये. पैसे देऊ नको."

तो आला. मागं, खांबाशी बसला. बाकाचं दृश्य आलं तेव्हा मियाँनी मला रिकाम्या जागेवर ठेवलं, पण नेहमीसारखं बोलले नाहीत. फक्त, "हे बघा," म्हणाले. खेळ संपला, लोक गेले, तरी भुजंग उठला नाही.

"ते येवढंच परत दाखवता यील का?"

"आज न्हाई. उद्या ये."

तो दुसऱ्या दिवशी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. मग एका दुपारी मियाँच्या दारात येऊन उभा राहिला. "तुम्ही संगं येसाल तर जातो," म्हणाला. "येकट्यानं त्या दारात उभं राह्याची माझ्यात हिंमत न्हाई."

मियाँनी लगेच हो म्हटलं. धावड्याकडं धान्याला जाणारी एक बैलगाडी ठरली.

निघायच्या आदल्या दिवशी मुंबईहून चित्राच्या कंपनीचा माणूस आला. जुन्या चित्राच्या पेट्या परत न्यायच्या आणि नव्या द्यायच्या, हे त्याचं काम. स्टेशनाजवळ चहा पिता पिता बद्रीशेठनं मोठ्या कौतुकानं त्याला सांगितलं, "तुमच्या त्या बाकावर आमचे मियाँ काय बोलतेत ते ऐका."

मियाँनी संकोचत सांगितलं. तो माणूस हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"अहो, ते दृश्य घेतलं तेव्हा मी तिथंच होतो," तो म्हणाला. "बाकावर म्हाताऱ्याच्या शेजारी त्याच्या भावाचं काम करणारा नट बसायचा होता. त्याला त्या दिवशी ताप भरला. ऊन उतरायला लागलं, कॅमेरा मांडून तयार. मग ठरलं, आहे तसंच घ्या. म्हणून ती बाजू मोकळी राहिली."

बद्रीशेठही हसले. मियाँ हसले नाहीत. त्यांच्या मुठीत मला एकदम ओल लागली.

घरी आल्यावर ते नुसते बसून राहिले. त्यांची बायको अजीजुन्निसा तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "क्या हुआ जी?"

"मैं जो बोला, वो उस तस्वीर में था ही नहीं," मियाँ म्हणाले. "आदमी बीमार था, इसलिए जगा खाली रही. मैंने उसमें बाप का दिल देखा. अब वो पोट्टा मेरे भरोसे जा रहा है. बाप ने फिर सबके सामने निकाल दिया तो?"

अजीजुन्निसानं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तस्वीर में नहीं था," ती म्हणाली. "पर उस माय के घर में बी नहीं है, ये किसने बोला? जाके देखो."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मियाँ गाडीत, मी त्यांच्या मांडीवर आडवी. भुजंग गाडीत बसला नाही. त्या पटानंतर बैलाच्या मागं बसायचं त्यानं सोडून दिलं होतं. तो गाडीमागून पायी चालत होता आणि मियाँ सारखे मागं वळून त्याच्याकडं बघत होते. काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, मग गाडीवानाला रस्त्याबद्दल विचारायचे.

धावड्याच्या अलीकडं एका ओढ्याकाठी बैल सोडले. तिथं मियाँना राहवेना. त्यांनी भुजंगाला जवळ बसवून सगळं सांगितलं. नट, त्याचा ताप, उतरतं ऊन, काही शिल्लक ठेवलं नाही.

भुजंग ओढ्याच्या पाण्याकडं बघत होता.

"म्हणजे जागा कुणी राखलीच न्हाई," तो म्हणाला.

"त्या चित्रात न्हाई."

"मंग तात्या वाऱ्यालाच बसत असतील."

भुजंगानं डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. "मी पुढं येत न्हाई, मियाँ. इथवर आल्तो ते बास झालं."

"जाऊ नको पण," मियाँ म्हणाले. "इथंच थांब. मी आधी जाऊन बघतो. जसं असंल तसं येऊन सांगतो. या टायमाला माझ्या पदरचं काही घालणार न्हाई."

भुजंगानं मान डोलावली. मियाँ मला टेकत निघाले. त्यांच्या पायांत एवढी घाई आणि एवढी भीती मी एकाच वेळी कधी पाहिली नव्हती.

रखमाजीचं घर गावाच्या कडेलाच होतं. दुपार कलली होती. द्वारकाबाईनं दारातून मियाँना पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या वाटेकडं पाहिलं, आणि काही न बोलता चुलीकडं गेली. रखमाजी घोंगडीवर बसला होता. वाळलेला, उंच माणूस. खरंच पार कडेला होता. पण तेवढ्यानं काय होतं? दार त्याच बाजूला होतं, आणि त्यातून वारा येतही होता.

"या मियाँ. सिनेमावाले ना तुम्ही? बसा," रखमाजी म्हणाला.

मियाँनी मला भिंतीला उभं केलं आणि घोंगडीच्या मोकळ्या भागावर बसायला वाकले.

"तिथं नका बसू."

मियाँ वाकले तसेच थांबले. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं. कुणाच्या घरी वेगळं बसायची त्यांना सवय होती. ते मुकाट्यानं खाली भुईवर बसू लागले.

"तसं न्हाई," म्हणत रखमाजी घाईनं उठला. "खाली काहून? इथं बसा, माझ्या जागंवर." त्यानं मियाँना हाताला धरून आपल्या जागी बसवलं आणि स्वतः खांबाला पाठ लावून उघड्या भुईवर बसला.

आता घोंगडीच्या कडेला मियाँ होते, भुईवर घरधनी होता, आणि उरलेली सगळी घोंगडी तशीच मोकळी होती. वारा आता रखमाजीला लागत नव्हता. मियाँनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीला होते. मला उचलायची तिथं गरजच नव्हती.

मियाँनी विचारलं, "तात्या, ती जागा कुणाची हाय?"

रखमाजी अंगणाकडं बघत राहिला. आत भांड्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"लेकाची," तो म्हणाला. आणि मग, कितीतरी वर्षांनी तोंडात आलेला शब्द चाचपून बघावा तसा, "भुजंगाची."

मियाँ ताडकन उठले. "आलो," म्हणाले आणि तसेच, पायांत जोडा न घालता, मला भिंतीलाच विसरून, अंगणातून धावत सुटले. त्यांच्या वयाच्या माणसाला ते शोभणारं नव्हतं.

"हे कुठं पळाले?" रखमाजीनं विचारलं.

"येतेत," द्वारकाबाई आतून म्हणाली. तिनं परातीत आणखी पीठ घेतल्याचा आवाज मला आला.

ओढ्याकाठी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी घरात भिंतीलाच होते, रखमाजी आणि द्वारकाबाईजवळ. मग अंगणात पावलं वाजली आणि भुजंग दारात येऊन उभा राहिला. रखमाजीनं मान वर केली. तो उठला नाही, आणि त्याचा आवाजही चढला नाही.

"उन्हाचा आलास," तो म्हणाला.

"व्हय, तात्या."

"हातपाय धू. बस."

भुजंग उंबऱ्यातच घुटमळला. "तात्या, त्या बैलाचं..."

"ते झालं. बस, भाकरी गरम हाय."

भुजंग हातपाय धुऊन घोंगडीवर बसला. रखमाजी भुईवरून उठून त्याच्या शेजारी, मधे, मांडी घालून बसला. द्वारकाबाई भाकरी वाढायला आली आणि वाढायचं सोडून शेजारीशेजारी मांडलेल्या दोन ताटांकडं बघत उभी राहिली. "वाढ की," रखमाजी म्हणाला, तेव्हा कुठं तिचा हात हलला.

मियाँ आत आले नाहीत. ते बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनी रांजणातलं पाणी तोंडावर मारलं, डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की आतून मला ऐकू आला. "या अल्ला, वाचलो," ते स्वतःशीच म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी दोनदा डोळे पुसले. परतीच्या वाटेवर ते गाडीवानाला इतक्या गोष्टी सांगत होते की बैल दोनदा वाट चुकले.

त्यानंतर मियाँची सांगायची तऱ्हा थोडी बदलली. नव्या चित्रात असं एखादं शांत दृश्य आलं की ते आपल्याला दिसलं ते सांगायचे आणि मग तंबूला विचारायचे, "मला असं दिसतंय. तुम्हाला काय दिसतं?" लोकही बोलू लागले. घनसावंगीला एका चित्रात एक बाई भरली घागर घेऊन दारात उभी राहते आणि आत जात नाही. मियाँ म्हणाले, तिला सासूची धास्ती आहे. कनातीमागून एक म्हातारी म्हणाली, "धास्ती न्हाई बाबा. तेवढंच तिला बाहेर उभं राह्याला मिळतं." मियाँनी मला कपाळाला लावून तिला सलाम केला. आता चुकायची त्यांना भीती उरली नव्हती, आणि आपणच बरोबर असायला हवं हे ओझंही उतरलं होतं.

मग बोलकी चित्रं आली. पडद्यावरचे लोक स्वतःच बोलू लागले, गाऊ लागले. सांगणाऱ्याचं काम संपलं. मला वाटलं, मियाँ खचतील. पण बद्रीशेठनं त्यांना दारावर बसवलं, आणि पहिल्या बोलक्या चित्राला ते अजीजुन्निसाला घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अख्खं चित्र बसून पाहिलं. "किती आराम हाय," घरी येऊन म्हणाले.

पुढं त्यांचे गुडघे धरले. तेव्हा त्यांनी करवतीनं माझे दोन भाग केले. वरचा भाग परसात दोडक्याच्या वेलाला आधार झाला. खालचा त्यांच्या हातात राहिला, ती ही मी. काजळी केव्हाच पुसली गेली.

परवाच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत आमच्या मुसलमानांच्या गल्लीत दारं लागलेली असत. कुठून काय येईल कुणाला ठाऊक नव्हतं. एका दुपारी दारावर थाप पडली. अजीजुन्निसानं मियाँचा हात धरला. मियाँनी मला दोन्ही हातांनी धरून खांद्यावर उचललं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला असं कुणी धरलं नव्हतं.

पुन्हा थाप पडली. मग आवाज आला, "मियाँ, मी हाय. धावड्याचा भुजंग."

दार उघडलं. भुजंग एकटाच होता, पाठीवर ज्वारीचं ओझं. धावड्याहून पायी आला होता. आत आला नाही. ओझं उतरवून त्यानं दाराबाहेर पटका अंथरला आणि पाय पसरून बसला. "चार दिवस हितंच हाय मी," म्हणाला. "मायनं पाठवलंय. तात्या असते तर तेच आले असते." रस्त्यानं येणारे-जाणारे त्याच्याकडं बघत, तोही त्यांच्याकडं बघे, रामराम घाली. आमच्या दारी कुणी आलं नाही. हळूहळू गल्लीतली दारं उघडली, पोरं बाहेर खेळायला लागली आणि भुजंग आपल्या गावी गेला.

त्या दुपारी मियाँनी मला खांद्यावरून उतरवलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, ते कसं सांगू? तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादी काठी उभी असेल. तिला आधाराला घ्या, वेलाला द्या, कुणाला काही दाखवायला उचला. तेवढंच मागते मी. माझं आयुष्य दाखवण्यात गेलं, मारण्यात गेलं नाही. उचललं होतं खरं, पण खाली ठेवलं. आता परसात जाते. मियाँना दोडके तोडायचे आहेत.